सोलापुरात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांवर संशोधन करायचं असेल तर

‘सोलापूर शहरातील शाश्वत वाहतूक व्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास’. दर वर्षी असं एक तरी शीर्षक माझ्या टेबलावर येतं. मी इथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते, एम. ए.च्या मुलामुलींचे प्रकल्प माझ्याकडे असतात, आणि या शीर्षकावर माझी पहिली काट पडते ती ‘सोलापूर शहरातील’ या दोन शब्दांवर. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. तुमच्या हातात चार महिने, मोजायला दोन मैत्रिणी आणि तिघींत मिळून एक स्कूटी. एवढ्या भांडवलात शहर होत नसतं. एक रस्ता होतो, एक चौक होतो, एका वस्तीचा एक रोजचा प्रवास होतो. ‘चिकित्सक’ मग आपोआप गळतं.

दुसरी काट पहिल्या प्रकरणावर. तिथं हमखास ॲमस्टरडॅम असतं, कोपनहेगन असतं, आणि शेवटी ‘सोलापूरकरांमध्ये सायकलविषयी जनजागृती होणे गरजेचे आहे’ हे वाक्य असतं. कुणाला जागं करायचंय? पूर्व भागातला माग कामगार पाळीला सायकलनं जातोच आहे. विड्या वळणारी बाई कारखान्यापर्यंत चालतच जाते. त्यांनी पर्यावरणासाठी पेट्रोल सोडलेलं नाही, ते त्यांना परवडत नाही. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं, की आपल्या शहरांतल्या बहुतेक सायकलवाल्यांपुढं दुसरा पर्यायच नसतो. ‘लोक सायकलकडे कसे वळतील’ हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे उलटा पडतो. सोलापुरात विचारायचं ते असं : जे आधीच चालतायत ते कोण, कुठून कुठं जातात, आणि त्यांच्या वाटेत काय आडवं येतं.

प्रश्न केवढा असावा

चांगला प्रश्न एका वाक्यात बसतो आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. ‘सोलापुरात पादचाऱ्यांना समस्या आहेत का?’ याचं उत्तर ‘नाही’ येणं शक्यच नाही, मग विचारता कशाला? त्यापेक्षा ‘सात रस्ता चौकात म्हातारी माणसं सिग्नलच्या वेळात रस्ता ओलांडू शकतात का?’ हा प्रश्न घ्या. सिग्नलच्या हिशेबात चालण्याचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात. बारा मीटरचा रस्ता त्या हिशेबानं दहा सेकंदांत ओलांडून व्हायला हवा. गुडघे धरलेली आजी सेकंदाला ०.८ मीटरनं गेली तर तिला पंधरा लागतात. या पाच सेकंदांवर एक अख्खा प्रकल्प उभा राहतो. साहित्य म्हणजे मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि टेप.

मला विचाराल तर सध्या सोलापुरातला सगळ्यात मोलाचा विषय कुंभारीच्या रस्त्यावर आहे. विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथं २००६ साली उभी राहिली, दहा हजार घरांची. पलीकडं रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. म्हणजे शहरातल्या खोलीत राहणारी, सगळीकडं पायी जाणारी हजारो कुटुंबं आता शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्याला राहायला गेली किंवा जातायत. हक्काचं घर मिळालं, ही मोठीच गोष्ट. पण काम, बाजार, दवाखाना, पोरांचं कॉलेज यातलं किती मागं शहरात राहिलं? पूर्वी जे पायी व्हायचं त्याला आता शेअर रिक्षाचे किती पैसे लागतात? कुणी काम बदललं, कुणी सोडलं? घर बदलल्यावर प्रवास कसा बदलतो यावर जगभर संशोधन होतं, आणि इथं तो बदल इतक्या मोठ्या संख्येनं, डोळ्यांदेखत चाललाय. आत्ता विचारलं तर बायकांना जुनी वाट आणि जुना खर्च आठवतो. आणखी पाच वर्षांनी आठवणार नाही.

वाचायचं किती

थोडं, पण नेमकं. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतले पीएच. डी.चे प्रबंध फुकट मिळतात. पादचारी, सायकल, वॉकेबिलिटी (रस्ता चालायला किती सोयीचा) हे शब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाकून शोधा आणि प्रबंध उघडला की आधी पद्धतीचं प्रकरण वाचा, निष्कर्ष मागाहून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या दोन संहिता लागतात : पादचारी सोयींसाठी आयआरसी १०३ आणि सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११. केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६चं आहे. वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची, हे त्यातलं मुख्य सूत्र. ते एकदा नीट वाचून मग खिडकीबाहेर बघा.

परदेशी अभ्यासांपैकी मी सगळ्यांना एकच वाचायला लावते. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत केलेला. एकमेकांसारखे तीन रस्ते घेतले. एकावर दिवसाला साधारण दोन हजार गाड्या, दुसऱ्यावर आठ हजार, तिसऱ्यावर सोळा हजार. मग घरोघर जाऊन विचारलं, या गल्लीत तुमचे मित्र किती, ओळखीचे किती. कमी गाड्यांच्या रस्त्यावर लोकांना तिप्पट मित्र होते. त्यांचा निष्कर्ष इथं चिकटवायचा नाही. तीन रस्ते आणि त्यांच्यात एकच फरक, ही मांडणी उचलायची. भवानी पेठेतल्या तीन गल्ल्यांत ती जशीच्या तशी करता येईल.

जनगणनेचा तक्ता, आणि त्यात नसलेली बाई

जनगणनेत ‘बी-२८’ नावाचा तक्ता आहे. २०११ला लोकांना विचारलं गेलं, की कामाची जागा घरापासून किती लांब आणि तुम्ही कशानं जाता. पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, बस असे रकाने आहेत. देशभरातल्या सुमारे वीस कोटी कामगारांची ही माहिती आहे आणि त्यातले जवळजवळ २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलनं कामाला जात होते. मुलं हा तक्ता शोधून काढतात, पाय चार्ट करतात आणि खूश होतात.

खूश व्हायच्या आधी तक्त्याचं नाव पूर्ण वाचा. तो ‘इतर कामगारां’चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यात धरलेलेच नाहीत. आता सोलापुरात घरगुती उद्योग म्हणजे काय ते सांगायला नको. उंबऱ्यात बसून विड्या वळणारी बाई, पुढच्या खोलीत माग असलेलं घर. यातली जी घरगुती उद्योगात नोंदली गेली ती या तक्त्यातून थेट बाहेर, आणि जी ‘इतर’मध्ये आली तिच्यापुढं ‘प्रवास नाही’ असं लिहिलं गेलं असण्याची दाट शक्यता, कारण काम घरातच. प्रत्यक्षात ती पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात जाते, रेशनला जाते, पोराला शाळेत सोडते. सगळं पायी. शिवाय हा तक्ता फक्त कामाच्या प्रवासाचा. शाळकरी पोरं, बाजाराला जाणाऱ्या बायका, देवळात जाणारी म्हातारी माणसं यात कुठंच नाहीत. एखाद्या शहरातलं बहुतेक चालणं जर याच लोकांचं असेल, तर तक्ता कितीही सरकारी असला तरी तुमच्या कामाचा थोडाच.

आणखी दोन खड्डे आहेत. ‘सोलापूर जिल्हा, नागरी’ असा आकडा मिळाला तर त्यात बार्शी आणि पंढरपूरही असतं. तो सोलापूर शहराचा म्हणून छापू नका. आणि १९९१ व २००१ची तुलना करायला जाल तर मध्ये १९९२ साली हद्दवाढ झाली हे विसरू नका. शहराची रेघच हलली तर वाढ कसली मोजता? पुढची जनगणना २०२७ला आहे. तोवर २०११चाच आकडा वापरावा लागणार, पण प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी वर्ष लिहायचं. घरात सायकल आहे का, हेही जनगणनेत विचारलं होतं. २०११ला देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत होती. ती चालत होती की माळ्यावर होती, ते त्यातून कळत नाही.

जागा आणि वेळ

इथं घाई करू नका. तुम्ही कुठं आणि किती वाजता उभ्या राहता, यावर तुमचा निष्कर्ष अर्धा ठरून गेलेला असतो.

पाठ्यपुस्तक सांगतं, गर्दीचा तास सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात. तो ऑफिसला जाणाऱ्यांचा तास. विडी कारखान्यात माल घ्यायची वेळ वेगळी, आणि प्रत्येक कारखान्याची आपापली. मागाच्या पाळ्या वेगळ्या. मार्केट यार्डात तर दिवस पहाटेच सुरू होतो. म्हणून मोजणीच्या आधी एक पूर्ण दिवस, पहाटेपासून रात्री दिवाबत्ती होईपर्यंत, ठरवलेल्या जागी आलटूनपालटून नुसतं बसायचं. चहाच्या टपरीवाल्याशी बोलायचं. कन्ना चौकात किंवा अशोक चौकात कुठल्या वेळेला कोण जातं, हे त्याला तोंडपाठ असतं. ‘मालक, बायकांची गर्दी कधी असते ओ?’ एवढं विचारलं की तो घड्याळ लावून सांगतो, वर सुट्टीचा वार कुठला तेही.

सोलापूरपुरती एक नोंद कुठल्याच संहितेत सापडणार नाही : त्या दिवशी त्या भागात नळाला पाणी होतं का? काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे घरातली बाई घरात. त्या सकाळी रस्त्यावर बायका कमी दिसल्या आणि तुम्ही लिहिलंत की या चौकात महिला पादचारी कमी, तर ते चौकाबद्दलचं विधान राहत नाही. पाणी कधी आलं, किती वाजता आलं, हा रकाना तक्त्यात वरच असू द्या.

ऊन हा दुसरा विषय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि परीक्षा संपून मुलं मोजायला नेमकी तेव्हाच मोकळी होतात. मोजा, हरकत नाही, पण मग उन्हाचाच अभ्यास करा. रुंद, नवीन फरसबंदी केलेला फूटपाथ रिकामा आणि समोरच्या बाजूला दुकानांच्या पत्र्याखालून सगळे दाटीवाटीनं चाललेत, हे दृश्य सकाळी अकराला कुठल्याही मोठ्या रस्त्यावर बघा. मग तीन वाजता परत जा. सावली सरकलेली असते आणि माणसंही तिच्याबरोबर सरकलेली असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा इमारतीची सावली रस्त्यावर पडतच नाही. मग उरतं ते झाड आणि पत्रा. फूटपाथच्या रुंदीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या प्रबंधांत सावलीचा रकाना क्वचितच असतो. तुम्ही घाला. दर पन्नास पावलांवर सावली आहे किंवा नाही, एवढीच नोंद. संध्याकाळच्या गप्पांत कुणीही सांगेल अशी ही गोष्ट आहे, पण आकड्यात मांडलेली नसली की अंदाजपत्रकात तिला जागा नसते.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या आसपास मोजणी ठेवू नका, यात्रेचाच अभ्यास असेल तर गोष्ट वेगळी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नवी पेठही टाळा.

प्रत्यक्ष मोजणी

रस्त्यावर एक काल्पनिक रेघ ठरवा : या विजेच्या खांबापासून समोरच्या शटरपर्यंत. जो ती रेघ ओलांडेल तो मोजायचा. पानटपरीपुढं उभा असलेला मोजायचा नाही, तो कितीही वेळ उभा असला तरी. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी पाडा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ही पद्धत मोबाईल ॲपपेक्षा मला आजही बरी वाटते, कारण कागद नंतर तपासता येतो. एकीनं एकच बाजू बघायची आणि दोन ओळी झाल्या की दुसरीला बसवायचं. त्यापुढं डोळे उघडे असतात, पण नुसतेच.

रकान्यांत पुरुष, बाई, मूल, वयस्कर हे चार असू द्या. सायकलचे दोन करा : चालवणारा आणि ढकलत नेणारा. हा दुसरा सोलापुरात महत्त्वाचा. कॅरिअरला चादरीचा गठ्ठा बांधून सायकल हातानं ढकलत नेणारा माणूस पादचारी धरायचा की सायकलस्वार? संहितेत शोधत बसू नका. त्याला स्वतःचा रकाना द्या, आणि हातगाडीलाही द्या. कडेवरचं मूल वेगळं मोजायचं नाही, पण ‘ओझं किंवा मूल घेऊन’ हा रकाना ठेवा. फूटपाथची उंच कड याच माणसांना नडते. हे सगळे नियम पहिल्या दिवशी तिघींनी मिळून एका कागदावर लिहा आणि तोच कागद परिशिष्टात लावा.

आणि सगळ्यात उपयोगी रकाना : फूटपाथवरून की रस्त्यावरून. फूटपाथ असूनही किती टक्के लोक रस्त्यावरून चालले, हा एकच आकडा पुष्कळ बोलतो. लगेच त्याच्याखाली कारण लिहायची घाई करू नका. कारण कळतं ते टेपनं.

टेप घेऊन त्याच शंभर मीटरवर परत चालायचं. आयआरसी १०३ म्हणतं, चालायला मोकळी पट्टी किमान १.८ मीटर हवी, बाजारपेठेत २.५. डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. तुम्ही मोजायची ती मोकळी पट्टी. बांधलेली रुंदी ठेकेदाराच्या बिलात असतेच. विजेचा डीपी (वीजपुरवठ्याची पेटी), खांब, झाडाचा चौथरा, दुकानाच्या पायऱ्या, उभ्या दुचाक्या, उघडं गटार, जाहिरातीचा बोर्ड, जे जे आडवं येईल ते अंतरासकट लिहा. हातगाड्यांबद्दल मात्र जपून लिहा. सगळ्या मुलांच्या वहीत ‘अतिक्रमण’ हा शब्द आपोआप येतो. फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे आणि त्यांना उपजीविकेचा हक्क आहे. शिवाय भाजीची गाडी असते तिथं रात्री उजेड असतो, माणसं असतात, आणि कितीतरी बायका म्हणूनच त्या बाजूनं चालतात. गाडी वाटेत किती सेंटिमीटर आली तेवढं लिहा. निकाल देऊ नका. त्याच टेपनं शेजारी लावलेली चारचाकीही मोजा. हातगाडीपेक्षा ती किती जागा खाते ते तक्त्यातच दिसेल.

झेब्रा क्रॉसिंगची गरज ठरवायला एक जुनं सूत्र वापरतात. तासाला ओलांडणारे पादचारी गुणिले तासाच्या वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्यावर वीस कोटींच्या वर गेलं, तर पट्टे हवेत. समजा तासाला ३५० माणसं आणि ७०० वाहनं. ७०० चा वर्ग चार लाख नव्वद हजार, गुणिले ३५० म्हणजे सतरा कोटी पंधरा लाख. दुभाजक नसेल तर पट्टे हवेत, असेल तर नकोत. आता बाजारातली गल्ली घ्या : तासाला १५०० माणसं, २०० वाहनं. उत्तर सहा कोटी, म्हणजे इथं पट्ट्यांची गरज नाही! वर्ग वाहनांचा होतो, माणसांचा नाही, म्हणून सूत्र गाड्यांकडं झुकतं. आणि जिथं ओलांडताच येत नाही म्हणून लोक येतच नाहीत, तिथं तर पादचारी शून्य, उत्तरही शून्य. सूत्र वापरा, उत्तर द्या, आणि खाली ही दोन वाक्यं जरूर लिहा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, यावरच दहा मिनिटं जातात, चांगल्या अर्थानं.

बोलायचं कसं

गुगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲपवर फिरवला की दोन दिवसांत शंभर उत्तरं येतात, आणि त्यातली बहुतेक तुमच्याच वर्गातल्या, दुचाकीवरून येणाऱ्या पोरांची असतात. चालणाऱ्याला चालतानाच गाठावं लागतं, नाहीतर उंबऱ्यात. मोबाईलवर नोंदी घ्यायच्या असतील तर कोबोटूलबॉक्स हे ॲप फुकट आहे आणि नेटवर्क नसतानाही चालतं.

पूर्व भागात तेलुगू बोलणारी, नाहीतर कन्नड बोलणारी मैत्रीण सोबत असलीच पाहिजे. ‘अक्का’ म्हणून हाक मारा, खाली बसा, वळणाऱ्या हाताला थांबवू नका. हजार विड्यांचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो आणि तुमच्या प्रश्नावलीपायी तिची मजुरी बुडता कामा नये. आणि ‘तुम्ही रोज किती चालता?’ हे विचारू नका. मला यावर ठरलेलं उत्तर मिळतं : ‘मी कुठं चालते मॅडम, घरीच असते की दिवसभर.’ त्याऐवजी काल सकाळपासून धरा. उठल्यावर कुठं गेलात? मग? येताना कुठून आलात? सोबत कोण होतं? हातात काय होतं? घरीच असणाऱ्या त्याच बाईच्या तोंडून दुकान, शाळा, कारखाना, रेशन, दवाखाना, नणंदेचं घर असं एकेक बाहेर पडतं. प्रत्येक ठिकाण नकाशावर टिंब करून घ्या. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर टिंबं जोडली की अंतर निघतं. मात्र गल्लीबोळ त्या नकाशात सगळे नसतात. बाई ज्या बोळातून जाते तो आधी चालून बघा, मग रेघ ओढा.

नाव, मोबाईल नंबर घेऊ नका, लागत नाहीत. फोटो विचारून, आणि चेहरा न येता.

नमुना किती घ्यायचा हे सगळे विचारतात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरली की सूत्रातून ३८४ येतं आणि मुलं ३८४ पाठ करून येतात. ते सूत्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याला लागू आहे. चौकात उभं राहून जो थांबेल त्याला विचारलं, तर थांबतो तो ज्याला वेळ आहे तो. निदान दर पाचव्या माणसाला विचारायचं असं ठरवा, आणि किती जणांनी नकार दिला तेही लिहा. चाळीस अक्कांच्या नीट काढलेल्या प्रवासनोंदी मला भरताडीच्या चारशे फॉर्मपेक्षा मोलाच्या वाटतात.

कागदपत्रं

रस्त्यांची लांबी, फूटपाथवरचा खर्च, सिग्नलच्या वेळा यासाठी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्यात नियमच तसा आहे. उत्तराची मुदत तीस दिवस, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा. ‘फूटपाथविषयी संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर काहीच हाती लागत नाही. ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्यावर गेल्या तीन आर्थिक वर्षांत फूटपाथच्या कामांचे कार्यादेश व अंतिम देयकांच्या प्रती’ असं लिहा.

अपघातांची माहिती पोलिसांकडून मिळते. संदर्भासाठी देशाचा आकडा : २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात पादचारी ३२ हजारांहून जास्त. तुमच्या चौकातले आकडे लहान असतील. तीन अपघातांवर टक्केवारी काढू नका, तिन्ही नकाशावर दाखवा. किरकोळ धडक बसलेली माणसं पोलिसांत जात नाहीत, ती मुलाखतीत सापडतात.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. टक्केवारी, आडवे-उभे तक्ते, फार तर काय-वर्ग कसोटी, म्हणजे दोन गोष्टींतला संबंध नुसता योगायोग आहे का ते बघणारी. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मिळालं म्हणून रिग्रेशनसारखी मोठी गणितं करायची नसतात. मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणाऱ्या साम्यचाचणीत दहा टक्क्यांच्या आत राहायला स्वतःच्या मोजणीवर लिहिणं हा सोपा उपाय आहे. तुमच्या चौकाचे आकडे दुसऱ्या कुणाकडं नसतातच.

शिफारशी तुमच्या टेपच्या आवाक्यातल्या असू द्या. ‘शाश्वत नागरी धोरण राबवावे’ हे कुणी वाचत नाही. ‘या डीपीमुळे मोकळी पट्टी ०.६ मीटर उरते, तो दोन मीटर मागे घ्यावा’ हे झोन कार्यालयातला कनिष्ठ अभियंता वाचतो, कारण त्याला करता येतं. प्रबंधाबरोबर मराठीत दोन पानी टिपण करा, एक नकाशा, चार फोटो, आणि महापालिकेचं अंदाजपत्रक बनायच्या आधी, डिसेंबरपर्यंत नेऊन द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. ज्या वस्तीत मोजलं तिथल्या नगरसेवकालाही एक प्रत द्या आणि टपरीवाल्याला एक. पेन्सिलीनं भरलेले कच्चे तक्ते व्हायवा होईपर्यंत टाकू नका. मी परीक्षक म्हणून बाहेर जाते तेव्हा सगळ्यात आधी तेच मागते.